डॉक्टरांना आठवण करून देणारा कागद

डॉक्टरांच्या हातून काही राहून गेले, की आपण चटकन म्हणतो, 'त्यांना माहितीच नसेल.' या समजुतीला १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने धक्का दिला. तो मला आजही मोलाचा वाटतो.

त्याच दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' ही संगणक प्रणाली तयार झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणते औषध द्यावे, याचा ती चांगला सल्ला देई. पण त्यासाठी डॉक्टरांनी यंत्रापुढे बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची. रुग्णांच्या गर्दीत एवढी सवड कुणाला? मायसिन रोजच्या वापरात आलीच नाही.

इंडियानापोलिसच्या डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी वेगळी वाट धरली. उपचारांचे ३९० नियम त्यांनी संगणकात घातले. रुग्णाच्या नोंदी पाहून संगणकच सूचना छापी: हे औषध चालू आहे, तेव्हा ही तपासणी करा. ९ डॉक्टरांवर प्रयोग झाला. सूचना हाती असताना ५१ टक्के वेळा दखल घेतली गेली. नसताना फक्त २२ टक्के. प्रशिक्षण कमी की जास्त, याने फारसा फरक पडला नाही. इतके तपशील एकाच वेळी ध्यानात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

आज सूचना पडद्यावर येतात आणि इतक्या येतात, की पुष्कळदा न वाचताच पुसल्या जातात. त्या गर्दीत कामाची सूचना हरवली, तर नुकसान रुग्णाचेच. म्हणून कोणत्या सूचना गाळायच्या, हे रोज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, असे मला वाटते.