औटकी : बाजारातून हरवलेला पाढा

साडेतीन आणे शेर या भावाने एक मण धान्याचे किती रुपये? मण ४० शेरांचा, रुपया १६ आण्यांचा. उत्तर : पावणेनऊ रुपये. आज कागद घ्यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडात, दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावच्या बाजारात, पाढे घोकलेल्या माणसाला तो लागत नसे.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी : हे अपूर्णांकांचे पाढे पंतोजी सुरात म्हणवून घेत. औट म्हणजे साडेतीन. दोन औट सात, तीन औट साडेदहा.

या पद्धतीला ‘घोकंपट्टी’ म्हणून हिणवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. १९८२ मध्ये हेनिक आणि त्झेल्गोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी प्रौढांना मोठ्या ठशातला ३ आणि लहान ठशातला ५ दाखवून केवळ ठसा कोणता मोठा, एवढेच विचारले. तरीही लोक अडखळले, कारण पाचाचे मूल्य न बोलावता मनात येत होते. इटलीतील मुलांवरच्या २००० सालच्या अभ्यासात पहिलीच्या मुलांत हा अडथळा दिसला नाही. तो पुढच्या इयत्तांत दिसू लागला. म्हणजे अंकाकडे पाहताच मूल्य जाणवणे हे सरावाने अंगी येते. पंतोजी तोच सराव अपूर्णांकांचा करून घेत होते.

प्रश्न होता तो कोणाला मिळे, हा. तराजूच्या एका बाजूस औटकी मुखोद्गत असलेला सावकार वा अडत्या. दुसऱ्या बाजूस बहुधा शाळेचे दारही न पाहिलेला कुणबी. हिशेब खरा की खोटा, हे पडताळण्याचे साधनच त्याच्यापाशी नसे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम. आणा आणि शेर गेले, तसा या पाढ्यांचा आधारच गेला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’साठी ‘वीस पाच’ असेही वाचन आले आणि गदारोळ उठला. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता : आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, बोलताना मात्र पाच आधी उच्चारतो, लहान मूल इथेच गोंधळते. मोठ्यांना तो गोंधळ जाणवत नाही, कारण त्यांची सवय पक्की झालेली असते.

सव्वा, दीड, अडीच अजून रोजच्या बोलण्यात आहेत. औट मात्र ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारापुरता उरला. घटका २४ मिनिटांची. राज्य ८४ मिनिटांचे.