तीन मिनिटांची मैफल

जुन्या ध्वनिमुद्रिका विकत घेण्याचें व्यसन आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. मध्यंतरीं संसाराच्या ओढाताणींत तें सुटलें होतें. गेल्या वर्षीं पुन्हां जडलें. मुंबईच्या चोरबाजारांत तीन-चार खेपा घालून आम्हीं चार तबकड्या घरीं आणल्या. खांसाहेब अब्दुल करीम खां यांची झिंझोटींतील ठुमरी, बालगंधर्वांचीं ‘स्वयंवर’ नाटकांतील दोन पदें, जी. एन्. जोशी यांनीं गायिलेली ‘शीळ’ आणि उस्ताद अमीर खां यांची मारवा व दरबारी या रागांची दीर्घ मुद्रिका. ठुमरी, नाट्यपद, भावगीत आणि ख्याल असे चार प्रकार एकाच फडताळांत येऊन बसले. एका रविवारीं आमच्या एका विद्यार्थ्यास त्या क्रमानें ऐकविल्या. पहिल्या तीन संपल्यावर तो म्हणाला, “सर, गाणें रंगांत येतें न येतें तोंच संपतें. हीं मोठीं माणसें एवढेंच गात असत काय?”

प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याचें उत्तर आम्हांस चटकन देतां आलें नाहीं. कोणताही दस्तऐवज कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला आणि त्यांत काय गाळलें, हें आम्ही वर्गांत आग्रहानें विचारावयास शिकवितों. तबकडीस मात्र तो प्रश्न आम्हीं स्वतः कधीं विचारला नव्हता.

हिंदुस्थानांत व्यापारी तबकड्यांचें ध्वनिमुद्रण सन १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झालें. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग यंत्रें घेऊन आला आणि गौहरजान आदि गायिकांचीं गाणीं त्यानें टिपून घेतलीं. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगते. आज तें ऐकून हंसूं येतें. परंतु हे ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात आणि तबकड्या तेथून तयार होऊन येत. दूरच्या कारागिरास गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून ही युक्ति. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच सियालदा येथें कारखाना निघाला. तबकडीच्या मिश्रणांत लाख असे आणि ती लाख पुष्कळशी आपल्याच जंगलांतली. म्हणजे माल आपला, सूर आपला, आणि माप मात्र परक्याचें, असा तो व्यवहार होता.

त्या मापाचा परिणाम फार दूरवर झाला. दहा इंची तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई व तिच्या एका बाजूस तीन-सवातीन मिनिटेंच मावत. मैफलींत ज्या रागास तास पुरत नसे, तो एवढ्या जागेंत बसवावयाचा! कित्येक गवयांनीं आलाप, बोल, ताना असें ख्यालाचें सर्व सामान त्या लहान पेटींत कोंबलें. ऐकणाऱ्यास घाई भासते ती यामुळें. करीम खांसाहेबांच्या झिंझोटींत ती नाहीं. १९३७ सालीं ते निवर्तले. ही मुद्रिका त्यांच्या अखेरच्या वर्षांतील, विजेच्या ध्वनिग्राहकापुढें गायिलेली. त्यांनीं मोठा वाडा मोडून झोंपडी उभारली नाहीं. मुळांतच लहान, पण सर्वांगांनीं पुरें असें देऊळ बांधलें. चार तबकड्यांत आमचा पहिला मान हिला.

बालगंधर्वांच्या तबकडीविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. ‘स्वयंवरां’त रुक्मिणीचें पद ‘वन्स मोअर’च्या गजरांत पुन्हां पुन्हां फुलत असे. प्रेक्षकांची ती दाद आणि तिनें गाणाऱ्यास येणारी उमेद तबकडीवर कोठून येणार? येथें रुक्मिणी नाहीं, केवळ तिचा गळा आहे. परंतु तो गळा रंगभूमीवरून उतरून माजघरांत आला, हा लाभही लहान नव्हे. नाटकगृहाची पायरी कधीं न चढलेल्या आमच्या आजीस हीं पदें पाठ होतीं, तीं तबकडीवरून.

‘शीळ’ घेतांना आम्हीं मनांतून नाक मुरडलें होतें. भावगीत म्हणजे ख्यालाची पातळ केलेली आवृत्ति, असा आमचा बरींच वर्षें ग्रह होता. ना. घ. देशपांडे यांची ती कविता जोशी यांनीं १९३२ च्या सुमारास गायिली, आणि ती तबकडी घरोघरीं गेली. पूर्वीं कर्ण्यांत तोंड घालून खड्या आवाजानें गावें लागे. १९२५ नंतर विजेचें ध्वनिमुद्रण प्रचारांत येऊं लागलें व हळुवार उच्चारही टिपतां येऊं लागला. कविता, मृदु स्वर आणि तीन मिनिटें, यांचें माप एकमेकांस तंतोतंत जुळलें. हें गाणें कशांतून कापलेलें नाहीं, त्या मापानेंच बेतलेलें आहे. आमचा ग्रह चुकीचा होता, हें येथें नमूद करतों.

राहिली अमीर खांसाहेबांची मुद्रिका. १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घ मुद्रिका निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. या मारव्यांत विलंबित लय प्रथमच निवांत बसलेली दिसते. आमचा विद्यार्थी येथें गप्प झाला. तथापि एक खंत सांगितली पाहिजे. मैफलींतील मारवा दर वेळीं नवा. तबकडीवरला मात्र शंभरदां ऐकला तरी तोच. एका संध्याकाळचा विचार पुढच्या पिढ्या नियम म्हणून पाठ करतात. जें अडचणीनें झालें त्यास परंपरा म्हणणें, हा दोष चार तबकड्यांचा नव्हे, आपल्या कानांचा आहे.

आणि जे या तबकड्यांत आलेच नाहींत, त्यांचें काय? ‘स्वयंवरां’तील ज्या चालींनीं बालगंधर्व अजरामर झाले, त्या भास्करबुवा बखले यांच्या. बुवा १९२२ सालीं वारले. त्यांचा आवाज एकाही तबकडीवर ऐकावयास मिळत नाहीं. केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांतून अवकाशांत गेली आणि आज ग्रहमालेच्या पलीकडे आहे. बुवांचा एक षड्ज मात्र पुण्यांतही उरलेला नाहीं. उरलें त्यावरूनच थोरवी ठरवूं लागलों, तर बुवांस आपण दुसऱ्यांदां गमावूं.

म्हणून विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर दिलें तें असें : “नाहीं रे, एवढेंच गात नसत, एवढेंच टिपलें गेलें.” वाचकांच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील, तर त्या मोडींत घालण्यापूर्वीं एकदां पुसून ऐकाव्या, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस त्या गायकाची मैफल आठवत असल्यास तीही लिहून ठेवावी. तीन मिनिटें तबकडीनें राखलीं आहेत. बाकीची रात्र राखणें आपल्या हातीं आहे.