तिकिटावरचा कर आणि आपले दोन मंत्री

विमानाचं तिकीट काढताना आपण सगळ्यात खालचा आकडा बघतो, 'बाप रे!' म्हणतो आणि मुकाट्याने पैसे भरतो. त्या आकड्याच्या वर चार-पाच बारीक ओळी असतात. त्या वाचायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मला मात्र त्या ओळी कुठून आल्या हे शोधायचा नाद लागला, आणि शोधता शोधता गाडी थेट आपल्या नांदेड-लातूरवर येऊन थांबली. म्हणून हा लेख.

सुरुवात १९७९ पासून करू. जनता पक्षाचं सरकार होतं आणि अर्थमंत्री होते चौधरी चरणसिंग. त्या वर्षीच्या वित्त कायद्यात परदेश प्रवास कर आला. विचार सरळ होता. ज्याला विमानाने परदेशी जाणं परवडतं, त्याने सरकारी तिजोरीत थोडी भर टाकावी. शेतकऱ्यांच्या नेत्याला हे सुचणं साहजिकच. पण हा कर माणशी ठराविक रकमेचा होता. वाढत वाढत ती रक्कम ५०० रुपयांवर गेली, शेजारच्या देशांसाठी १५०. म्हणजे लंडनला निघालेला कारखानदार आणि आखातात गवंडीकामाला निघालेला मराठवाड्यातला पोरगा, दोघांनाही ५०० रुपयेच! ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता येऊ १९८९ वर. राजीव गांधींच्या सरकारात अर्थमंत्री होते शंकरराव चव्हाण. नांदेडचे नगराध्यक्ष, जायकवाडीचा ध्यास घेतलेले, दोनदा मुख्यमंत्री झालेले आणि शिस्तीमुळे 'हेडमास्तर' म्हणून ओळखले जाणारे. त्याच मंत्रिमंडळात नागरी हवाई वाहतूक खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर, लातूरचे खासदार. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने देशांतर्गत विमान प्रवासावर कर बसवला, भाड्याच्या १० टक्के. कर लावणारा नांदेडचा आणि ज्या खात्याच्या प्रवाशांवर तो लागला ते खातं लातूरकडे! असा योग मराठवाड्याच्या वाट्याला पुन्हा कधी आला नाही.

त्या वेळचं आपलं चित्र आठवा. नांदेडला मीटरगेज, लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. मराठवाड्याची मोठी मागणी होती ब्रॉडगेजची. विमानाचं नाव कोण घेणार? नांदेडची धावपट्टी १९५८ ची, लातूरची तर १९९१ मध्ये झाली. त्यात आकाशात मक्तेदारी. १९५३ च्या कायद्याने सगळ्या खाजगी कंपन्या सरकारजमा झालेल्या, निजामाच्या राज्यातली डेक्कन एअरवेजसुद्धा. देशात बसायला विमान म्हणजे मुख्यतः इंडियन एअरलाइन्स. बसणारे कोण, तर मंत्री, बडे अधिकारी, व्यापारी. बऱ्याच जणांचं तिकीट कंपनी किंवा सरकार काढणार.

त्याच अर्थसंकल्पाच्या वर्षी खेड्यापाड्यांतल्या मजुरीसाठी जवाहर रोजगार योजना आली आणि वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर ८ टक्के अधिभार लागला. एका बाजूला रोजगार, दुसऱ्या बाजूला श्रीमंतांवर बोजा. विमानाचा कर याच हिशोबात बसतो. दुष्काळ जवळून बघितलेल्या अर्थमंत्र्याने विमानातल्या माणसाकडून शंभरातले दहा मागितले, तर त्याला चूक कसं म्हणायचं? शिवाय हा कर टक्केवारीचा. भाडं जास्त तर कर जास्त, भाडं कमी तर कर कमी.

पुढे दर १५ टक्क्यांवर गेला. दरम्यान १९९४ मध्ये इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी संपली, खाजगी कंपन्या आल्या आणि विमानातला माणूस हळूहळू बदलू लागला. शेवटी जानेवारी २००४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, जसवंतसिंगांनी देशांतर्गत प्रवास कर आणि परदेश प्रवास कर दोन्ही रद्द केले. पुढच्याच महिन्यात, २६ फेब्रुवारीला, शंकरराव गेले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एक विचार त्या हिवाळ्यात संपला असं मला वाटून गेलं. विमान म्हणजे चैन, हा तो विचार.

कर गेला म्हणजे तिकीट हलकं झालं का? थोडे दिवस झालं. मग नव्या ओळी आल्या. २००६ मध्ये परदेशी जाणाऱ्या वरच्या वर्गाच्या तिकिटांवर सेवाकर लागला. १ जुलै २०१० पासून तो साध्या वर्गालाही लागला, १० टक्के, पण देशांतर्गत प्रवासाला जास्तीत जास्त १०० रुपये. कमाल मर्यादा ऐकायला दयाळू वाटते. पण हिशोब करून बघा. २,००० च्या तिकिटावर १०० म्हणजे ५ टक्के आणि १०,००० च्या तिकिटावर १०० म्हणजे १ टक्का. सूट नेमकी कोणाला मिळाली? २०१७ मध्ये जीएसटी आला आणि साध्या वर्गाला ५ टक्के लागू झाले. वरच्या वर्गाला आधी १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. ही रचना पुन्हा शंकररावांच्या वळणाची.

खरी गंमत करांत नाही, 'शुल्कां'त आहे. हैदराबादचं शमशाबाद विमानतळ मार्च २००८ मध्ये उघडलं. आपल्याकडच्या लोकांचं ते जवळचं मोठं विमानतळ. तिथे वापरकर्ता विकास शुल्क बसलं. २००९ मध्ये मुंबईत विकास शुल्क सुरू झालं, देशांतर्गत प्रवाशाला १०० आणि परदेशी जाणाऱ्याला ६००. दिल्लीत २०० आणि १,३००. ग्राहक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय ही वसुली चालणार नाही. सुरक्षा शुल्क वेगळंच. २०१९ मध्ये १५० आणि एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशाला २०० रुपये. अडीच हजारांच्या तिकिटावर हे २०० म्हणजे ८ टक्के! लंडनचा कारखानदार आणि आखातातला गवंडी पुन्हा एका रांगेत उभे राहिले.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. मुख्यमंत्री लातूरचे विलासराव. नांदेडच्या विमानतळाचं रूप पालटलं आणि किंगफिशरचं मुंबईचं विमानही आलं. पण पुढे ती कंपनीच बुडाली आणि धावपट्टीवर पुन्हा शांतता. लातूरच्या धावपट्टीने तर नियमित प्रवासी विमान फारसं बघितलंच नाही.

मग आली 'उडान'. छोट्या गावांच्या विमानांना मदत देण्यासाठी १ डिसेंबर २०१६ पासून मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर, अंतर बघून, ७,५०० ते ८,५०० रुपये आकारणी सुरू झाली. दीडशे प्रवाशांत वाटले तर माणशी पन्नासेक रुपये. राज्यांनी अशा विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा होता. मुंबई-पुण्यात तेव्हा तो २५ टक्के होता. आणि २७ एप्रिल २०१७ ला पहिल्याच दिवशी ज्या गावांतून विमान उडालं त्यात नांदेड होतं, नांदेड-हैदराबाद, ट्रूजेटचं एटीआर. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं २,५०० च्या आसपास बांधलेलं.

म्हणजे काय झालं बघा. १९८९ मध्ये नांदेडच्या माणसाने दिल्ली-मुंबईच्या विमानप्रवाशाकडून कर घेतला. २०१७ मध्ये त्याच दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाच्या तिकिटातले पन्नास रुपये नांदेडच्या विमानाला आले. ट्रूजेट पुढे थांबली हे खरं. मध्ये काही काळ गेला आणि २०२४ मध्ये स्टार एअर आली. मदतीवर उडणारं विमान मदतीपुरतंच टिकतं की काय, ही शंका रास्तच आहे. पण निदान पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दिसलं तरी.

माझी तक्रार कराबद्दल नाहीच. हैदराबादला इलाजाला जाणारा म्हातारा, नोकरीवरून सणाला घरी येणारी पोरगी, अमृतसरहून हुजूर साहिबला येणारी संगत, हे आजचे प्रवासी आहेत. यांच्याकडून घ्यायचं तर भाड्याच्या प्रमाणात घ्यावं आणि संसदेत उभं राहून, नाव सांगून घ्यावं. हेडमास्तरांनी तसं घेतलं होतं. ठराविक रकमेची शुल्कं एकेक करून तिकिटात शिरतात आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाला सगळ्यात जास्त टोचतात.

पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा त्या बारीक ओळी एकदा वाचून बघा. टक्क्यातल्या किती आणि ठोक रकमेच्या किती, मोजा आणि मलाही कळवा.