दोन कान आणि सहा कर्णे

घरच्या संगणकाभोवती पाच-सहा कर्णे मांडलेले पाहिले, की दोन कानांच्या माणसाला इतके कर्णे कशाला, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र यंत्राच्या दुकानात नव्हे, इतिहासात शोधावे लागते, असे आम्हांस वाटते.

उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पण तेवढ्यावरून मन दिशा ओळखते. या निसर्गनियमाला यंत्राची जोड १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात मिळाली. क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडले आणि दूरच्या श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन निरनिराळी श्रवणयंत्रे दिली. गायक रंगमंचावर कोणत्या बाजूस आहे, हे त्यांना न पाहताच कळू लागले!

पुढे १९३१ च्या डिसेंबरात ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने द्विमार्गी ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकाच तबकडीच्या एकाच खोबणीत दोन ध्वनिमार्ग कोरण्याची युक्ती त्यात होती. १९४२ साली रडारची चाचणी चालू असता विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय अवघे ३८. तशा तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. लावलेल्या झाडाचे फळ त्यांना चाखता आले नाही.

अमेरिकेत १९३३ साली फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आले. तेथे कर्ण्यांचे मार्ग तीन होते. मधला कर्णा कशासाठी? कडेला बसलेल्या श्रोत्यालाही रंगमंचाचा मध्य मध्येच भासावा म्हणून. १९७० नंतरच्या दशकात चार कर्ण्यांची टूम निघाली. परंतु कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात, आणि ती मागे पडली. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर पाच कर्णे व खर्जासाठी सहावा, ही डिजिटल मांडणी चित्रपटगृहांत वापरली गेली.

संगणकाची वाट याहून साधी होती. १९८१ च्या आयबीएम संगणकात एकच इवलासा कर्णा होता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड आले आणि १९९८ मध्ये तिच्याच नव्या कार्डाला चार कर्णे जोडता येऊ लागले.

आता घरची मांडणी. मधला कर्णा समोर. पुढचे दोन त्याच्या दोन्ही बाजूंस ३० अंशांवर. मागचे दोन सुमारे ११० अंशांवर. खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून सहाव्याला कोपराही चालतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा एखादा कर्णा जवळ असेल, तर त्याचा आवाज संगणकाकडून त्या हिशेबाने थोपवून घ्यावा.

हे सारे कोन मात्र एकाच खुर्चीपुरते खरे असतात. आदेर यांनी एकेका श्रोत्याच्या कानांचा विचार केला, वॉशिंग्टनमध्ये साऱ्या सभेचा झाला. आपली मांडणी एकट्यासाठी की घरातल्या सर्वांसाठी, हे आधी ठरवावे आणि मगच कर्णे मोजावेत.