रोगाची वाट आणि बंदराचा पहारा

जुन्नर-आंबेगावात २०२० सालचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : करोना विमानाने आला, विमानतळावरच कडक पहारा ठेवला असता तर तो घाट चढून आपल्या गावांपर्यंत पोचलाच नसता. वर्तमानपत्री लेखांतूनही हेच मत पुन्हा पुन्हा येते. त्यामागची कळकळ खरी आहे, कारण त्या साथीत आपल्याकडच्या घराघरांनी माणसे गमावली. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि पुढच्या साथीत तो आपल्याला महागात पडेल.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम दाखला सामोआ बेटांचा आहे. नोव्हेंबर १९१८मध्ये ऑकलंडहून निघालेले ‘तालुने’ हे जहाज पश्चिम सामोआत लागले. इन्फ्लुएन्झाचे रुग्ण जहाजावर असतानाही उतारू खाली उतरले आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजांवर कडक विलगीकरण लादले. तिथे एकही मृत्यू झाला नाही. हा दाखला नाकारता येत नाही. मात्र ते बेट होते, आणि तिथे येणारी जहाजे मोजकी होती. जुन्नर बेट नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट खोदला गेला तोच कोकणातली बंदरे देशाशी जोडण्यासाठी. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. आजही या दोन तालुक्यांतल्या असंख्य घरांचा कर्ता माणूस मुंबईत माथाडी, डबेवाला किंवा नोकरदार आहे. ज्या मुलखाची चूल बंदराच्या वर्दळीवर पेटते, त्याला बेटाचा न्याय लावता येत नाही.

‘कडकपणा कमी पडला’ हे म्हणणेही तपासले पाहिजे. मुंबई विमानतळावर चीनहून येणाऱ्यांची तपासणी १८ जानेवारी २०२०पासूनच सुरू होती. पुण्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला निष्पन्न झाले, ते दुबईहून परतले होते. पहारा एका वाटेवर होता, रोग दुसऱ्या वाटेने आला. शिवाय तापमापक बंदुकीला फक्त ताप दिसतो. अंगात विषाणू असून ताप नसलेला माणूस तिच्यासमोरून बिनधोक निघून जातो, आणि करोनाचे नेमके हेच वैशिष्ट्य होते. तिथे पहारेकरी वाढवून काय साधले असते?

कडकपणाची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याच प्रांतात झाली आहे. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. युरोपीय देश मुंबईची जहाजे आणि माल रोखण्याच्या बेतात होते; व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. त्या दडपणाखाली ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरझडत्या, सक्तीचे रुग्णालय, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, यांत कसलीच कसर ठेवली नाही. तरी प्लेग दख्खनभर पसरला आणि पुढे कित्येक वर्षे ठाण मांडून बसला. कारण तपासणी माणसांची होत होती आणि रोग उंदरांवरच्या पिसवांतून फिरत होता. पॉल-लुई सिमाँ यांनी हे १८९८मध्ये दाखवून दिले. ते सर्वमान्य व्हायला आणखी दहाएक वर्षे गेली. धाकापोटी लोक आपले आजारी माणूस लपवू लागले, ते वेगळेच. त्या वेळी सक्ती उदंड होती, ज्ञान तोकडे होते.

मग बंदरावरचे नियम निरुपयोगी म्हणायचे का? मुळीच नाही. पीतज्वराचे उदाहरण घ्या. तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे. आपल्या गावांत डेंग्यू पसरवतो तोच हा डास. तरीही भारतात पीतज्वर शिरलेला नाही. पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात, आणि त्या देशांतून येणाऱ्या विमानांत डासनाशक फवारतात. सहाच दिवस का? कारण त्या रोगाचा अधिशयनकाळ तेवढा धरलेला आहे. नियम लहान आहे, पण रोगाची वाट ओळखून केलेला आहे, म्हणून टिकतो.

आंधळ्या कडकपणाचा आणखी एक तोटा १९९४ने दाखवला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली, तशी अनेक देशांनी भारताशी विमानसेवा तोडली. रोग जाहीर करणाऱ्याला अशी शिक्षा मिळू लागली, तर पुढच्या वेळी कोण जाहीर करील? म्हणूनच २००७पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम एका हाताने गंभीर घटना २४ तासांत कळवण्याचे बंधन घालतात, आणि दुसऱ्या हाताने गरजेपेक्षा जास्त निर्बंध लादू नका, असे बजावतात.

राखण बंदरावर नव्हे, मुळाशी करायची, हे तत्त्व आपल्या द्राक्षबागायतदारांना शिकवायला नको. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली. निर्यातीच्या द्राक्षाची खरी राखण बागेतच होते : प्लॉटची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल. बंदरावरची तपासणी ही शेवटची खातरजमा असते.

माणसांच्या रोगालाही हाच क्रम लागू आहे. करोनासारख्या रोगात विमानतळावरचा पहारा साथ थांबवत नाही, तो काही दिवस मिळवून देतो. त्या दिवसांत घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर इथल्या रुग्णालयांत आणि आदिवासी पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काय तयारी होते, यावर माणसे जगतात किंवा मरतात. २०२०मध्ये मुंबईहून परतलेल्या आपल्याच भावंडांना गावोगाव शाळांत ठेवले. काही ठिकाणी वेशीवर काट्या टाकून त्यांना अडवले. वेगळे राहणाऱ्याला जेवण, बुडालेली मजुरी आणि सन्मान मिळाला, तरच तो आपणहून आजार सांगेल. म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता ग्रामसभेने आजच विचारावे : आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, नमुना कुठे जातो, अहवाल किती दिवसांत येतो? विमानतळाला दोष देण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळवणे आपल्या हातात आहे.