जिबची काठी

* जिबची काठी : डोलकाठीपुढील त्रिकोणी शिडास जिब म्हणतात, वारा थेट पिच्छाडीने येऊ लागला म्हणजे ते मोठ्या शिडाच्या आडोशात सापडून निष्प्राण लोंबते, म्हणून त्यास विरुद्ध बाजूस पसरून धरण्यासाठी जी काठी लावतात, ती ही. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेल्या, सुमारे ४ मीटर लांबीच्या ‘एंटरप्राइज’ होडीस फुग्यासारखे तिसरे शीड नसल्यामुळे तिच्यावर या काठीचे महत्त्व विशेष. काठी हलक्या, सरळ धाग्यांच्या, निर्गाठ लाकडाची असावी. जिबचा दोर ताणला की तिच्यावर दोन्ही टोकांकडून दाब येऊन ती मध्येच वाकू पाहते, यास्तव मध्यभाग किंचित जाड राखून टोके निमुळती तासावीत व वर वार्निशाचे हात द्यावेत. एका टोकाची बोथट खुंटी आधी शिडाच्या मागल्या खालच्या कोपऱ्यातील कडीत घालून, काठी बाहेर रेटीत, दुसऱ्या टोकाचा आकडा मग डोलकाठीवरील कडीत अडकवावा. लांबी मात्र शीड प्रत्यक्ष पसरून होडीवरच मोजावी. अदमासाने कापलेली काठी आखूड पडल्यास निरुपयोगी ठरते. — संपादक