ग्लारसचा उलटा डोंगर

खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा भूगर्भशास्त्राचा पहिला पाठ होय. परंतु स्वित्झर्लंडांतील ग्लारसच्या डोंगरांत २५ कोटी वर्षांहूनही जुना खडक माथ्यावर बसला आहे, आणि सुमारें ५ कोटी वर्षांच्या अलीकडचा त्याच्या पायाशीं आहे! गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८४० नंतर, आर्नोल्ड एशर ह्यांनीं वरचा खडक दुरून सरकत आला असावा हें ओळखलें होतें. पण कोणी विश्वास ठेवणार नाहीं, ह्या भयानें त्यांनीं समोरासमोर उलटलेल्या दोन घड्यांची कल्पना पुढें केली. त्यांचे शिष्य आल्बर्ट हाइम ह्यांनीं १८७८ च्या ग्रंथांत तीच उचलून धरिली. १८८४ सालीं मार्सेल बर्त्रां ह्या फ्रेंच पंडितांनीं, ती जागा स्वतः न पाहतां, हाइम ह्यांच्याच वर्णनावरून दाखविलें कीं, दोन घड्या नसून दक्षिणेकडून सरकलेला एकच अखंड पट आहे. हाइम ह्यांस तें पटावयास जवळजवळ वीस वर्षें लागलीं. पटल्यावर मात्र त्यांनीं तें उघडपणें मान्य केलें. आमच्या मतें ह्या इतिहासाचा बोध सरळ आहे: एशर ह्यांच्या डोळ्यांनीं जें पाहिलें, तें बोलून दाखविण्यास त्यांचें मन धजलें असतें, तर शास्त्राचें अर्धें शतक वांचलें असतें.